चाकाचा खाका

मोटारीच्या चाकाला चार भोकं असतात आणि ती सगळ्या मोटारींना सारख्याच अंतरावर नसतात, ही गोष्ट वयाच्या एकेचाळीसाव्या वर्षापर्यंत मला कुणी सांगितली नव्हती. शाळेत अकबराची मनसबदारी शिकवली. बँकेच्या परीक्षेत हुंडी आणि धनादेश यांतला फरक विचारला. चाकाच्या भोकांबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. आणि हे अज्ञान कुठल्या घरात, तर जिथे वडिलांनी एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये टायर सेक्शन सांभाळला त्या घरात. आप्पांनी मला चाकांपासून मुद्दाम लांब ठेवलं होतं. 'तू कागदावरचा माणूस हो, हात काळे करू नकोस,' असं ते म्हणायचे. मी वडिलांचं इतकं दुसरं काहीच मनावर घेतलं नाही.

हे पंचाण्णव सालच्या फेब्रुवारीतलं. बँकेनं मला तीन वर्षांसाठी लखनौला पाठवलं होतं आणि नंतर ती मला विसरून गेली होती. आम्ही अलीगंजमध्ये राहायचो. दारात पिस्ता रंगाची प्रीमियर पद्मिनी होती, माझ्याआधी दोन धन्यांनी वापरलेली. अलीगंज ते जानकीपुरम या टापूत मराठी माणसाकडे असलेली ती एकुलती एक मोटार, त्यामुळे ती फक्त माझी आहे असं म्हणण्याची सोय नव्हती. कुणाचीही सासू मुंबईहून पुष्पक एक्सप्रेसनं येणार असली की चारबाग स्टेशनवर पद्मिनी हजर. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या गाडीत सात बायका, तिळगुळाचं एक पातेलं आणि मी असे मावलो आहोत. पातेलं माझ्या मांडीवर होतं आणि गाडीही मीच चालवत होतो. आता माझ्याकडे एअरकंडिशनची गाडी आहे, तिच्यात आम्ही दोघं बसलो तरी दाटी झाल्यासारखं वाटतं.

तर त्या फेब्रुवारीत आप्पा पहिल्यांदा लखनौला येणार होते. आई जाऊन चौदा महिने झाले होते. आप्पा मिरजेत एकटे राहत होते. मी दर रविवारी एसटीडी बूथवर रांग लावून फोन करायचो आणि आप्पा तीन वाक्यं बोलायचे. 'बरा आहे. जेवलो. ठेवतो.' जेवणात काय होतं, हे विचारेपर्यंत फोन ठेवलेला असायचा. मला ते सहन होत नव्हतं. आप्पांनी आता आमच्याकडेच राहावं असं मला फार वाटत होतं, आणि ते राहणार नाहीत हेही मला ठाऊक होतं. वर्षश्राद्धानंतर कसेबसे आठ दिवसांसाठी तयार झाले, तेही परतीचं रिझर्वेशन आधी करून आणि येण्याचं मागाहून करून.

लतिका, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "राहतीलही. पण आपलं सगळं नीट चाललंय असं त्यांना दिसलं पाहिजे. ओढगस्तीच्या घरात ते भार होऊन राहायचे नाहीत."

लतिकेच्या मनात बहुधा पडदे होते. माझ्या मनात टायर आले. कारण आप्पा माणसाकडे नंतर बघतात, आधी त्याच्या वाहनाच्या टायरकडे बघतात. माझी चुलतबहीण नंदा हिला सांगलीचं एक स्थळ आलं होतं. मुलगा देखणा, बागायत चाळीस एकर, दारात जीप. आप्पांनी चहा व्हायच्या आत जीपला एक फेरी घातली आणि काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "पुढचे दोन्ही टायर आतल्या बाजूनं झिजलेत. सहा महिने याच्या लक्षात आलं नाही. बायकोकडे काय लक्ष देणार?" स्थळ मोडलं. असा माणूस माझ्या गाडीतून चारबाग ते अलीगंज येणार होता, आणि माझ्या गाडीचे टायर माझ्या टाळूसारखे गुळगुळीत झाले होते. पुढच्या डाव्या टायरमधून आतलं सूत दिसत होतं. रिमाही गंजून वाकल्या होत्या. हातात दहा दिवस होते.

लखनौमध्ये कुठल्याही कामाची सुरुवात शेजाऱ्यांच्या सल्ल्यानं होते. आमचे शेजारी निगम साहेब सचिवालयातून निवृत्त झालेले. सचिवालयात त्यांच्याकडे कुठलं खातं होतं हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण सल्ला देताना ते सगळ्या खात्यांच्या वतीनं देत. खांद्यावर शाल, हातात पानाचा डबा, असे ते गाडीभोवती दोनदा फिरले.

"प्रसादजी, टायर अलग, रिम अलग, इस चक्कर में मत पड़िए. पूरे पहिए लीजिए, टायर-रिम समेत. सेकंड हैंड बाज़ार में पाँच का सेट मिल जाएगा. लेकिन एक बात गाँठ बाँध लीजिए. गाड़ी लेकर बाज़ार हरगिज़ मत जाइएगा."

"क्यों?"

"गाड़ी देखेंगे तो समझ जाएँगे कि आदमी ज़रूरतमंद है. आप बस नाप लेकर जाइए. ऐसे जाइए जैसे यूँ ही टहलते हुए आ गए."

ज्या गाडीला चाकं बसवायची ती गाडीच घरी ठेवून चाकं घ्यायला जायचं, हा सल्ला तेव्हा मला मुत्सद्देगिरीचा कळस वाटला.

रविवारी सकाळी मी पुढचं एक चाक काढलं, अंगणात आडवं ठेवलं, वर खाकी कागद पसरला आणि पेन्सिल घासून भोकांचा ठसा घेऊ लागलो. निम्मं ग्रीस कागदावर आलं, निम्मं माझ्या लेंग्यावर. कागद दोन ठिकाणी फाटला. आमची जुई तेव्हा अकरा वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. ती कागद बघून म्हणाली, "पापा, ये तो जला हुआ ऑमलेट लग रहा है."

तिथे लतिकेनं मार्ग काढला. ती मराठी मंडळातल्या बायकांच्या साड्यांवर चौक या जुन्या पेठेतून जरीकाम करवून आणायची. चौकात छुन्नन मियाँ म्हणून एक वृद्ध कारागीर होते. ते खाके बनवायचे. खाका म्हणजे जाड बटर पेपरवर नक्षी काढायची, त्या रेघेवर सुईनं बारीक भोकं पाडायची, मग कागद कापडावर ठेवून वरून निळीचा बोळा फिरवला की खाली नक्षी जशीच्या तशी उमटते. "तुमचं हे ऑमलेट त्यांना नेऊन द्या. पक्का खाका करून देतील. मग बाजारात कुठल्याही चाकावर ठेवा आणि बोळा फिरवा," लतिका म्हणाली. हे ऐकून मला बायकोचा अभिमान वाटला. तो मी बोलून दाखवला नाही, आणि पुढे जे झालं त्यामुळे ते बरंच झालं.

चौकातल्या त्या गल्लीत रिक्षासुद्धा शिरत नाही. एका जिन्याखालच्या खोलीत छुन्नन मियाँ बसले होते. सत्तरी उलटलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी माझा कागद दोन्ही हातांनी घेतला, उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला.

"माशाअल्लाह. किस पर काढ़ा जाएगा? शिफ़ॉन पर या जॉर्जेट पर?"

"लोहे पर," मी म्हटलं.

मियाँनी चष्मा सारखा केला. मग म्हणाले, "जी. आजकल बड़े नए-नए फ़ैशन चले हैं."

मी त्यांना मोटार, चाक, भोकं सगळं सांगितलं. ते प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मला वाटलं, त्यांना समजलं. लखनौमध्ये समोरच्याचं बोलणं समजलं नाही तरी मान हलवणं हा रिवाज आहे, हे सहा वर्षांत मला कळायला हवं होतं.

"आप बेफ़िक्र रहिए. ऐसा बनाएँगे कि देखते रह जाइएगा," मियाँ म्हणाले.

आणि खरंच पाहत राहण्यासारखा होता तो खाका! चारही भोकं गोल गरगरीत, एकमेकांपासून कशी ऐसपैस. मधल्या मोठ्या भोकाभोवती पाकळ्यांची एक नाजूक महिरप, जी माझ्या चाकाला नव्हती. मी तो कागद जेवणाच्या टेबलावर ठेवून दोनदा पाहिला. आयुष्यात प्रथमच माझ्या हातून काहीतरी यांत्रिक काम सुबक झालं होतं.

लतिका म्हणाली, "आपल्या चाकावर एकदा ठेवून बघितला का?"

मी म्हटलं, "ज्याच्यावरून घेतला त्याच्यावरच पुन्हा काय ठेवून बघायचा?"

हे वाक्य मला त्या वेळी अत्यंत तर्कशुद्ध वाटलं होतं. शिवाय काढलेलं चाक मी परत बसवलं होतं आणि ते पुन्हा काढायला माझी कंबर तयार नव्हती.

बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी कैसरबागेपलीकडच्या जुन्या टायरांच्या बाजारात टहलत टहलत गेलो. खांद्याला शबनम, तीत खाका आणि निळीची पुरचुंडी. पहिल्याच दुकानात चाकावर कागद ठेवून मी बोळा फिरवला आणि भोवती वीस माणसं जमली. टायरच्या बाजारात जरीकाम चाललेलं त्यांनी पूर्वी पाहिलं नसावं. निळे ठिपके उमटले ते भोकांच्या बाहेर, लोखंडावर. मी चाक नापास केलं. असं करत करत मी सहा दुकानं पालथी घातली. सातव्या दुकानात पांढरी टोपी घातलेला एक शांत म्हातारा दुकानदार होता. त्यानं मला गाडी विचारली, आत गेला आणि पाच चाकं आणून मांडली.

"पद्मिनी के ही हैं साहब. आँख मूँदकर ले जाइए."

मी आँख मूँदकर नेणाऱ्यांतला नव्हतो. मी खाका ठेवला, बोळा फिरवला. भोकं जुळेनात! ठिपक्यांचं प्रत्येक वर्तुळ अर्धं भोक सोडून बाहेर.

"ये पद्मिनी का नहीं है," मी म्हणालो.

"साहब, चालीस साल से यही काम कर रहे हैं."

"काम चालीस साल करो या अस्सी साल. नाप झूठ नहीं बोलता. आप बोल रहे हैं."

वीस माणसांसमोर मी हे बोललो. म्हाताऱ्यानं टोपी सारखी केली आणि चाकं आत नेली. मला आजही ते आठवलं की चारचौघांत कान गरम होतात.

बाजाराच्या शेवटच्या टोकाला, जिथे दुकानं संपून नुसते ढीग सुरू होतात, तिथे मला हवी ती चाकं सापडली. टायरांवर रेघा अशा खोल की रुपया उभा राहावा. मी खाका ठेवला आणि ठिपक्यांची चारही वर्तुळं चार भोकांच्या कडांवर बरोबर बसली. विकणारा माणूस स्वतःच म्हणाला, "साहब, ये किसी विलायती गाड़ी के हैं. आपकी गाड़ी में लगेंगे?" इतका प्रामाणिक विक्रेता लखनौमध्ये दुसरा भेटला नाही. मी त्याला कागद दाखवून सांगितलं, की भाई, आपण बोलायचं नाही, भोकांना बोलू द्यायचं.

पाच चाकं ठेल्यावर घालून मी विजयी मुद्रेनं निघालो तो वाटेतल्या पोलीस चौकीसमोर ठेला अडवला गेला. हेड कॉन्स्टेबल ऊन खात बसले होते. त्या दिवसांत चाकं चोरीला जायची, त्यामुळे त्यांची शंका रास्त होती. त्यांनी पावती मागितली. मी दाखवली. 'पाँच अदद पहिए' एवढंच तीवर होतं. त्यांनी गाडीचे कागद मागितले. ते माझ्याकडे होते, पण त्यांत इंजिनचा नंबर होता, चेसिसचा नंबर होता, चाकांचा काही नव्हता.

"तो कैसे मानें कि ये पहिए इसी गाड़ी के लिए हैं?"

मी शबनममधून खाका काढला. तो पाहून साहेब ताठ बसले. "ये नक्शा किस जगह का है?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण सरकारी खात्यात नुसतं ऐकण्यावर काम होत नाही. मला एक अर्ज लिहावा लागला. 'सविनय निवेदन है कि प्रार्थी अपनी निजी कार हेतु' अशी त्याची सुरुवात होती. मग साहेबांनी स्वतः उठून खाका एकेका चाकावर ठेवला, स्वतःच्या हातानं बोळा फिरवला, पाचही वेळा ठिपके जुळवून पाहिले आणि अर्जावर शेरा मारला, 'मौके पर जाँच की गई. पहिए नाप के अनुरूप पाए गए.' खाली सही आणि शिक्का. चाकं बसणार याचं आता सरकारी प्रमाणपत्र माझ्या खिशात होतं. भारतात फार थोड्या मोटारींच्या चाकांना हे भाग्य लाभलं असेल.

शनिवारी दुपारी निगम साहेबांच्या अध्यक्षतेखाली चाकं बसवण्याचा समारंभ झाला. आप्पा रविवारी सकाळी उतरणार होते. मी जॅक लावला, पुढचं डावं जुनं चाक काढलं, नवं लावलं. पहिला बोल्ट तिरका तिरका का होईना, आत गेला. दुसरा जाईना. तिसऱ्याला समोर भोकच दिसेना, तिथे लोखंड होतं.

"एक लग गया न? बाक़ी तीन भी मान जाएँगे. ज़रा समझाइए," निगम साहेब म्हणाले.

मी हातोडीनं समजावलं. चाक हललं नाही. मग साहेब म्हणाले दुसरीकडून समजावा. मग म्हणाले बोल्टला तेल पाजा. मग त्यांनी शाल काढून ठेवली आणि पान्यावर स्वतः उभे राहिले. कट् असा आवाज झाला. बोल्टचे आटे गेले होते, आणि ज्यात तो बसायचा त्याचेही गेले होते. म्हणजे आता नवं चाक बसत नव्हतं, आणि जुनं बसवायची सोय राहिली नव्हती. पद्मिनी तीन पायांवर आणि सहा विटांवर उभी राहिली.

"दरअसल," निगम साहेब शाल पांघरत म्हणाले, "आपको गाड़ी लेकर बाज़ार जाना चाहिए था."

रविवारी मी आप्पांना आणायला टेम्पोनं, म्हणजे तिकडच्या शेअर रिक्षानं गेलो. पुष्पकमधून आप्पा उतरले. हातात एक कापडी पिशवी आणि एक वळकटी. ते इतके वाळले होते की मी आधी दुसऱ्याच कुणाकडे बघत होतो. वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "गाडी कुठाय?"

"जरा काम काढलंय तिचं."

टेम्पोत आमच्यासह नऊ माणसं होती. गोमतीचा पूल ओलांडेपर्यंत आप्पा वळकटी मांडीवर घेऊन बसले होते. सहा वर्षं मी परक्यांच्या सासवा याच रस्त्यानं आणल्या, आणि माझे वडील एका अनोळखी माणसाच्या भाजीच्या टोपलीवर हात ठेवून येत होते.

पाच चाकांवर मी सोलापुरी चादर घातली होती. आप्पांनी चहाचा कप हातात घेतला आणि तसेच अंगणात गेले. विटांवरची गाडी पाहिली. मग चादर उचलली. कप लतिकेकडे दिला, खाली बसले, अंगठा एका भोकात आणि पहिलं बोट समोरच्या भोकात ठेवलं. मग हात तसाच ताणलेला ठेवून ते गाडीपाशी गेले आणि उघड्या चाकाच्या जागी तो लावून पाहिला.

"अर्धा इंच," आप्पा म्हणाले. "पश्या, हे कुणी पसंत केलं?"

मी पोलिसांचं प्रमाणपत्र दाखवलं. ते त्यांनी चष्मा लावून वाचलं. मग जुईनं आतून खाका आणला. "आजोबा, पापा ने इससे नापा था."

आप्पांनी खाका हातात धरला. उजेडात उलटा केला. पाकळ्यांवरून बोट फिरवलं. "ही महिरप कुठल्या मोटारीला असते?" त्यांनी विचारलं. मला वाटलं आता ते चिडणार. पण ते म्हणाले, "मला या माणसाला भेटायचंय."

सोमवारी सकाळी मी त्यांना चौकात नेलं. छुन्नन मियाँनी आम्हाला बसवलं, थंडीतच मिळते ती फेसाळ मक्खन-मलाई द्रोणांतून मागवली आणि तक्रार ऐकून घेतली. आप्पांची हिंदी मिरज डेपोत शिकलेली होती.

"आपने भोक का जागा बदली किया," आप्पा म्हणाले.

"जी, किया," मियाँ म्हणाले. त्यांना यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. "चारों बूटे एक-दूसरे से सटे हुए थे. देखकर घुटन होती थी. हमने ज़रा साँस लेने की जगह दे दी."

आप्पा त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरून उठलो. आप्पा हसत होते. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. "साँस को जागा!" ते मला म्हणाले, "पश्या, चाकाला श्वास घ्यायला जागा!" आणि पुन्हा हसू लागले. त्यांना हसताना पाहून मियाँही हसायला लागले. आई गेल्यापासून आप्पांना मी हसताना पाहिलं नव्हतं. मी मलाईच्या द्रोणात मान घातली आणि नाक ओढत ती सगळी संपवली.

त्यानंतर दोन म्हातारे दीड तास बोलले. सुई कुठली वापरता, कागद किती पदरी, आमच्याकडे ट्यूबला ठिगळ कसं लावायचे, डोळे अजून शाबूत कसे. निघताना मियाँ म्हणाले, की मोटारीची भोकं इतकी जवळ कुणी ठेवली, त्याला नजर नव्हती. आप्पांनी मान्य केलं.

मंगळवारी आम्ही टायरच्या बाजारात गेलो. विलायती चाकं त्या प्रामाणिक विक्रेत्यानं परत घेतली, वर मला भोकांची खुशाली विचारली. मग आप्पा पद्मिनीची चाकं कुठे मिळतील असं विचारत विचारत नेमके पांढऱ्या टोपीच्या म्हाताऱ्यापुढे जाऊन उभे राहिले. मी मागच्या ढिगाआड होतो.

"भाईसाहब ने हमें भरे बाज़ार में झूठा कहा था," म्हातारा माझ्याकडे बोट करून म्हणाला. आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं.

आप्पांनी मला पुढे ओढलं. "मेरा लडका है. उसका गलती हुआ. मैं माफी मांगता है." आणि त्यांनी खरोखर हात जोडले. मग मीही जोडले. वीस माणसं याही वेळी होतीच.

तीच पाच चाकं आम्ही घेतली. घरी आल्यावर आप्पांनी माझ्या लेंग्यावरच्या डागाकडे बघितलं आणि म्हणाले, "आता हात काळे झालेच आहेत, तर शीक." चार दिवस त्यांनी मला अंगणात बसवलं. समोरासमोरच्या भोकांचं अंतर आधी बघायचं. मधलं भोक गाडीवर घट्ट बसतं का बघायचं. बोल्ट आधी बोटांनी फिरवायचा, तिथे अडला तर पान्याला हात लावायचा नाही. चाक लावल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर पत्र्याला कुठे घासतो का, हे खाली झोपून ऐकायचं. निगम साहेब खुर्ची घेऊन शेजारी बसायचे आणि प्रत्येक गोष्टीला, "यही तो हम भी कह रहे थे," म्हणायचे. आट्यांचं काम आप्पांनी एका लेथवाल्याकडून समोर उभं राहून करवून घेतलं. आणि जेवताना आप्पा दोन वेळा भाकरी मागून घेऊ लागले होते.

रविवारी संध्याकाळी गाडी जमिनीवर आली. आम्ही सगळे तिच्यातून गोमतीपर्यंत जाऊन आलो. कुठे खट्ट नाही, कुठे घासणं नाही. आप्पा पुढे माझ्या शेजारी बसले होते. मला आनंद व्हायला हवा होता. पण काम संपलं होतं आणि सोमवारचं तिकीट त्यांच्या कापडी पिशवीत होतं. लतिकेनं लाडू बांधून ठेवले होते. 'आप्पा, राहा' हे मी आठ दिवसांत एकदाही म्हणू शकलो नव्हतो. ज्याला स्वतःच्या गाडीला चाक बसवता येत नाही त्यानं कुणाला 'मी तुम्हाला सांभाळतो' काय म्हणायचं?

मी आत कपडे बदलत होतो. खिडकीतून व्हरांड्यातलं बोलणं ऐकू आलं.

"तो बाबूजी, कल निकल रहे हैं?" निगम साहेब विचारत होते.

आप्पांनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाले, "निकलनेका था. टिकट भी है. लेकिन कैसा जाएगा? लडका बँक में साहेब है, पन उसको कुछ समजता नहीं. कोई भी फसाएगा उसको. कागद के उप्पर फूल निकाल के देगा, तो ये चाक समज के घेऊन येईल. मेरेको रहना पडेगा."

"बिल्कुल सही फ़ैसला है," निगम साहेब लगेच म्हणाले. "यही तो हम भी कह रहे थे."

मी शर्ट अर्धा घातलेला तसाच पलंगावर बसलो. भर व्हरांड्यात, शेजाऱ्यासमोर, एका राजपत्रित दर्जाच्या अधिकाऱ्याचा इतका धडधडीत अपमान दुसऱ्या कुणी केला असता तर मी ऐकून घेतला नसता. पण तो ऐकताना माझे डोळे भरून आले होते, आणि आप्पा आणखी काही बोलतात का म्हणून मी कान देऊन बसलो होतो.

आप्पा पुढे सहा वर्षं आमच्याकडे राहिले. त्या सहा वर्षांत चाकांमधलं मला बरंच कळू लागलं होतं. पण ते मी त्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही.